मिडल क्रोम: एका पिवळ्या क्षाराचा आणि त्याच्यामागून चाललेल्या कायद्यांचा इतिहास

ऑइल पेंटच्या शेड कार्डांवर 'लेमन क्रोम', 'मिडल क्रोम', 'ऑरेंज क्रोम' अशी नावे अनेक वर्षे छापली गेली. फाटके, जिन्याचे कठडे आणि खिडक्यांच्या ग्रिल रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या बोलीत ती आजही टिकून आहेत. आजच्या डब्यात काय आहे हा वेगळा प्रश्न, परंतु नाव मात्र एका विशिष्ट क्षाराचे आहे. शिसे आणि क्रोमियम या दोन धातूंपासून तयार होणारा हा क्षार म्हणजे लेड क्रोमेट. त्याच्या दोन्ही अंगांत विष आहे. शिसे मेंदूला आणि रक्ताला बाधते. षट्संयुजी क्रोमियम त्वचा, नाक आणि फुप्फुसे पोखरते, आणि ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे.

हा धागा त्या क्षाराचा आहे. आणि त्याहूनही अधिक, त्याला आवरू पाहणाऱ्या कायद्यांचा. कायद्याने हा क्षार आधी कारखान्यात पाहिला, मग हळदीत आणि सर्वांत शेवटी घराच्या भिंतीवर. प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठी निराळे खाते, निराळा निरीक्षक आणि निराळा आकडा ठरला.

खारघरपासून ही गोष्ट सुरू करण्याला कारण आहे. बेलापूरहून निघणारी मेट्रो खारघर ओलांडून पेंधरला, म्हणजे तळोजा औद्योगिक वसाहतीच्या उंबरठ्याशी थांबते. एका बाजूला सिडकोने आखलेली निवासी नगरी, दुसऱ्या बाजूला रसायने, रंग आणि धातूंचे कारखाने. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजात निळी पडलेली भटकी कुत्री दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या अंगावर चढले होते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्यावर बंदीची कारवाई केली. निळा रंग डोळ्यांना दिसला, म्हणून यंत्रणा हलली. शिशाची अडचण अशी की ते ज्याच्या शरीरात शिरते त्याचा रंग बदलत नाही. फार तर, दीर्घकाळ बाधा झालेल्या माणसाच्या हिरड्यांवर एक निळसर रेषा उमटते. हेन्री बर्टन या इंग्रज वैद्याने १८४० मध्ये ती नोंदवली, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता थोडे मागे जाऊ. अठराव्या शतकात उरल पर्वतातील बेर्योझोव्स्क येथील खाणींतून एक नारिंगी-लाल खनिज युरोपात पोहोचले. त्याला 'सायबेरियातील लाल शिसे' म्हणत. १७९७ मध्ये निकोला-लुई व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञाने त्यात एक नवा धातू शोधला. त्याच्या संयुगांचे नाना रंग पाहून त्याला 'क्रोम' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत 'क्रोमा' म्हणजे रंग. ते खनिज म्हणजेच निसर्गात घडलेले लेड क्रोमेट होते. पुढे हाच पदार्थ कारखान्यात करता येऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत 'क्रोम यलो' चित्रकारांच्या पेटीत, गाड्यांच्या अंगावर आणि भिंतींवरच्या कागदांत जाऊन बसला. व्हॅन गॉगची सूर्यफुले याच रंगाची आहेत. त्यांतील काही पिवळे आज तपकिरी होत चालले आहेत, कारण प्रकाशाने क्रोमियमची संयुजा बदलते. ग्रनोबल येथील क्ष-किरण प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासातून हे २०११ मध्ये पुढे आले.

हा रंग करण्याची कृती साधी आहे आणि सगळा धोका त्या साधेपणातच दडलेला आहे. शिशाच्या नायट्रेटचे पाण्यातील द्रावण घ्यायचे, त्यात सोडियम क्रोमेट किंवा डायक्रोमेटचे द्रावण सोडायचे. क्षणात पिवळा साका तळाशी बसतो. तो गाळायचा, पाण्याने धुवायचा, भट्टीत वाळवायचा आणि दळायचा. ओला साका फारसा उपद्रव करत नाही. वाळवताना, दळताना आणि गोण्या भरताना मात्र तलम पिवळी धूळ उठते आणि ती श्वासातून आत जाते. साका धुतलेल्या पाण्यात उरलेले क्रोमेट आणि शिसे असते. ते कुठे जाते हा पुढचा प्रश्न. शिशाच्या सल्फेटची जोड दिली की रंग लिंबासारखा फिका होतो, मॉलिब्डेटची दिली की शेंदरी आणि प्रशियन निळा मिसळला की हिरवा. म्हणजे हा क्षार केवळ पिवळ्या डब्यातच असतो असेही नाही.

लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. 'अद्राव्य, म्हणून निरुपद्रवी' हा युक्तिवाद त्याच्या बाजूने दीर्घकाळ केला गेला. परंतु माणसाच्या जठरात पाणी नसते, आम्ल असते; आणि तिथे त्यातले शिसे सुटू लागते. याचा पुरावा १८८७ मध्येच मिळाला होता. फिलाडेल्फिया शहरात काही बेकरीवाले अंड्यांचा खर्च वाचवून पावांना अंड्यासारखा पिवळेपणा यावा म्हणून क्रोम यलो वापरत. ते पाव खाऊन माणसे आजारी पडली, काही दगावली. डेव्हिड डेनिसन स्ट्युअर्ट या डॉक्टरने त्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तरीही रंगाचा व्यवसाय वाढतच राहिला. १९३९ मध्ये अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्यांसाठी एक रंग ठरला, तोही क्रोम पिवळाच होता आणि तसे त्याच्या नावातच म्हटले होते.

मुंबई इलाख्यात आधुनिक रंगाचा कारखानदारी धंदा रुजला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स अँड वार्निश ही कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये तिची संपूर्ण मालकी एका ब्रिटिश समूहाकडे गेली आणि ती 'गुडलास वॉल' झाली; आजच्या कन्साई नेरोलॅकचे हे पूर्वरूप. विकत घेणाऱ्या समूहाचे नाव बोलके आहे: लेड इंडस्ट्रीज ग्रुप. रंगाचा धंदा आणि शिशाचा धंदा त्या काळी एकाच घरातले होते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. १९४२ मध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली ती याच बाजारात.

कायद्याने शिशाची दखल घ्यायला मात्र परळचा कारखाना मोठा होण्याची वाट पाहिली नव्हती. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे नारायण मल्हार जोशी गेले होते. ते तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे. खारघरही याच जिल्ह्यात येते. त्या अधिवेशनाने स्त्रिया आणि मुले यांना शिशाच्या बाधेपासून वाचवण्यासाठी एक शिफारस संमत केली. १९२२ मध्ये हिंदुस्थानातील कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिशाशी संबंधित ठरावीक कामांवर स्त्रिया व अल्पवयीन मुले नेमण्यास मनाई करण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात शिसेबाधा हा 'व्यवसायजन्य रोग' म्हणून नोंदला गेला. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त सभासद होते.

त्या काळाच्या मानाने ही मोठी पावले होती, यात शंका नाही. तरी त्यांची दिशा नीट पाहावी. कायद्याने स्त्रिया आणि मुले यांना खोलीबाहेर काढले. धूळ खोलीतच राहिली आणि पुरुषही. कामगाराच्या सदऱ्यावर, केसांत आणि नखांत बसलेली ती पूड संध्याकाळी चाळीतल्या खोलीत जाई. तो सदरा धुणारी स्त्री आणि त्या जमिनीवर रांगणारे मूल कारखान्यात नोकरीला नव्हते. म्हणून कायद्याच्या लेखी ते शिशाच्या जवळही गेलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना अधिनियम आला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिसेबाधा आणि क्रोममुळे होणारे व्रण, दोन्ही 'कळवणे बंधनकारक' असे रोग ठरले. म्हणजे लेड क्रोमेट करणाऱ्या कामगाराच्या दोन्ही दुखण्यांची नावे कायद्यात आली. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने ती मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायची. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांतील ११४ वा नियम 'धोकादायक कामां'साठी आहे. त्याच्या परिशिष्टांत शिशाची कामे आणि क्रोमिक आम्लाचे मुलामे यांच्यासाठी धूळ खेचणारे पंखे, हात धुण्याची सोय, वेगळी जेवणाची जागा, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी अशी तपशीलवार बंधने आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, हवेत किती शिसे चालेल याचा आकडाही अधिनियमात आला: घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅम.

हे सारे कागदावर भक्कम दिसते. परंतु त्याची किल्ली त्या 'कळवणे' या क्रियापदात आहे. पोटात शूळ उठतो, अशक्तपणा येतो, मनगट लुळे पडते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला 'तू कुठे काम करतोस?' हा प्रश्न डॉक्टरने विचारला तरच पुढची साखळी सुरू होते. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असतील तर अधिनियम आपोआप लागू होई. त्याहून लहान शेडसाठी राज्य सरकारने वेगळी अधिसूचना काढावी लागे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली. शिसेबाधा तिच्या यादीतही आहे.

आता कारखान्यातून स्वयंपाकघराकडे वळू, कारण हा क्षार तिथेही पोहोचला होता.

हळद शिजवून वाळवली की हळकुंड मळकट, खरबरीत दिसते. पिंपात घालून ते घासतात, त्याला पॉलिश म्हणतात. बाजारात भाव मिळतो तो चकाकीला आणि पिवळेपणाला. ओलाव्याने काळवंडलेला, किडका किंवा जुना माल उजळून काढायचा तर मूठभर पिवळी पूड पुरते. हीच ती मिडल क्रोमची पूड: स्वस्त, जड, उन्हात न उडणारी, आणि वजनातही भर घालणारी. 'पी हळद आणि हो गोरी' असा उतावळेपणा माणसाला शोभत नाही म्हणतात. हळदीच्या काही व्यापाऱ्यांनी तो हळदीवरच केला. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या माल साठवणाऱ्या आणि २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या सांगलीच्या हळदीचे नाव इथे घेण्याचे कारण आरोप करणे हे नव्हे. चांगल्या रंगाला किती किंमत आहे, हे त्या बाजारपेठेइतके दुसरीकडे क्वचितच कळते.

अन्नाच्या कायद्याने या बाबतीत कारखान्याच्या कायद्यापेक्षा अधिक सरळ भाषा वापरली. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम आणि त्याखालील १९५५ चे नियम यांनी हळदीचे मानक ठरवताना लेड क्रोमेटचे नाव घेऊनच ते वर्ज्य केले: त्याची चाचणी नकारार्थी आली पाहिजे. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा अधिनियम आला, तेव्हाही ती अट कायम राहिली. अखंड हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकावे आणि पाण्याला लगेच रंग सुटतो का ते पाहावे, अशी घरगुती चाचणीही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवली आहे. मात्र ती हळकुंडासाठी आहे. दळलेल्या हळदीत नेमके काय आहे हे प्रयोगशाळेतच कळते.

कायदा राबवला तर काय होते याचे जवळचे उदाहरण बांगलादेशात आहे. तिथे १९८० च्या दशकात पुरात हळद भिजून तिचा रंग गेला, तेव्हापासून लेड क्रोमेट लावण्याची सवय पसरली, असे संशोधकांना व्यापाऱ्यांकडून कळले. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिशाच्या समस्थानिकांचा मेळ हळदीतल्या शिशाशी बसतो, हे २०१९ मध्ये दाखवण्यात आले. त्यानंतर सरकारने ढाक्याच्या बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, वृत्तपत्रांतून इशारे छापले आणि हातात धरून जागेवर शिसे मोजणारी यंत्रे निरीक्षकांना दिली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत! कायदा तिथेही जुनाच होता. नवीन होते ते मोजण्याचे यंत्र आणि बाजारात प्रत्यक्ष उभा असलेला निरीक्षक.

भारतात भिंतीचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांमध्ये ते दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम निघाले. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते आणि सारा दोष त्याच्यावर जाणे स्वाभाविक होते. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. मुलांच्या रक्तातले शिसे त्यानंतर घटले, पण संपले नाही. मग नजर रंगाकडे वळली. मूल भिंत चाटत नाही, ही समजूत चुकीची आहे. जुना रंग पापुद्रे धरून सुटतो, नवा देण्यापूर्वी रंगारी तो पॉलिश पेपरने घासतो, ती धूळ जमिनीवर बसते. आणि रांगणाऱ्या मुलाचा हात दिवसातून कित्येकदा तोंडात जातो.

भारतीय मानक ब्यूरोची शिशाची मर्यादा दीर्घकाळ ऐच्छिक होती. पाळणाऱ्याने पाळावी, न पाळणाऱ्याला कोणी विचारणार नाही. ती सक्तीची झाली १ नोव्हेंबर २०१६ रोजी. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम निघाले आणि वर्षभराने अंमलात आले: दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नको. लेड क्रोमेटच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश शिसेच असते. म्हणजे हा आकडा त्याला घरगुती डब्यातून पूर्णपणे हद्दपार करणारा आहे. परळच्या कारखान्यापासून मोजले तर या निर्णयाला सुमारे शतक लागले.

मात्र नियमांच्या नावातले दोन शब्द पुन्हा वाचावेत: 'घरगुती' आणि 'सजावटीचे'. यंत्रे, पूल, ट्रक, रस्त्यावरचे पट्टे यांच्यासाठीचा औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेबाहेर राहिला. क्षार तोच, डबा वेगळा. युरोपने निराळी वाट धरली. तिथे लेड क्रोमेट २०१० मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेले आणि मे २०१५ नंतर खास परवान्याशिवाय त्याचा वापर बंद झाला. एका रंगद्रव्य कंपनीला असा परवाना मिळाला, तेव्हा स्वीडनने न्यायालयात धाव घेतली: पर्याय उपलब्ध असताना परवाना कसा देता? २०१९ मध्ये न्यायालयाने तो परवाना रद्द केला आणि २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही तो निकाल टिकला. तिथला प्रश्न 'डबा कुणासाठी?' असा नव्हता. 'याची गरजच काय?' असा होता.

या रेषेच्या मधोमध अनेक गोष्टी लटकत राहतात. खारघरपासून तासाभराच्या अंतरावर पेण आहे. तिथल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती देशभर जातात. मूर्तीचे पीतांबर हा कोणता रंग, सजावटीचा की औद्योगिक? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये आणि सुधारून मे २०२० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत विषारी रासायनिक रंगांऐवजी नैसर्गिक रंग वापरण्यास सांगितले आहे. तिथे कायद्याला चिंता आहे ती तलावाची. मूर्तिशाळेत फवाऱ्याने रंग मारणाऱ्या कारागिराचा विचार पुन्हा वेगळ्या खात्याकडे जातो.

राहिले ते धुण्याचे पाणी आणि गाळ. ज्या सांडपाण्याच्या गाळातून ठरावीक चाचणीत लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे झिरपते, तो गाळ भारतीय नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो नाल्यात सोडता येत नाही, साध्या कचराभूमीवरही टाकता येत नाही. १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम निघाले, पण कचरा न्यायचा कुठे याचे उत्तर बराच काळ नव्हते. १९९५ च्या एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली आणि २००३ मध्ये सविस्तर आदेश दिले. दरम्यान मुंबई, ठाणे आणि रायगड पट्ट्यातील उद्योगांसाठी तळोजात सामायिक भूभरण केंद्र उभे राहिले. जाड प्लास्टिकचे आणि चिकणमातीचे थर अंथरून त्यावर गाळ टाकला जातो, वर झाकण घातले जाते, आणि भोवतीच्या विहिरींतून भूजलाचे नमुने घेतले जातात. शिसे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, जळत नाही, काळाबरोबर निवत नाही. ते केंद्र बंद झाल्यावरही त्यावर वर्षानुवर्षे पहारा ठेवावा लागतो. खारघरच्या उत्तरेकडील इमारती या केंद्रापेक्षा बऱ्याच नंतर उभ्या राहिल्या.

२०१६ चे नियम रंगाच्या उत्पादनाला, व्यापाराला, आयातीला आणि निर्यातीला लागू आहेत. विकत घेतलेला डबा पुढे कुठे रिकामा झाला, हा त्यांचा विषय नाही. घरगुती रंगाच्या डब्यावर शिशाच्या प्रमाणाची माहिती छापणे बंधनकारक आहे. औद्योगिक रंगाच्या डब्याला ती सक्ती नाही. आणि सोसायटीच्या लोखंडी फाटकासाठी किंवा बागेतल्या झोपाळ्यासाठी यांपैकी कोणता डबा उघडायचा, हे अजून बहुतेक वेळा दुकानदार आणि रंगारी आपसांत ठरवतात.